गेममधलं संगीत प्रोग रॉक कसं होतं? ‘फायनल फँटसी’तल्या शेवटच्या लढाईची गोष्ट

१९९४ साली जपानमध्ये ‘फायनल फँटसी ६’ हा गेम आला. त्यातल्या शेवटच्या लढाईला नोबुओ उएमात्सु यांनी दिलेलं संगीत साउंडट्रॅकच्या सीडीवर सुमारे १७ मिनिटं चालतं. ‘डान्सिंग मॅड’ हे त्याचं नाव. चर्चमधला ऑर्गन, कोरस, वेगवान कीबोर्ड असं सगळं त्यात ऐकू येतं. पण हा गेम ज्या ‘सुपर फॅमिकॉम’वर चालायचा, त्याच्या ध्वनिविभागाकडे एका वेळी फक्त ६४ किलोबाइट मेमरी होती. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटोही सहसा याहून मोठा असतो.

नऊ वर्षांनी, २००३ मध्ये, हीच रचना ‘द ब्लॅक मेजेस’ या रॉक बँडने गिटार, बेस, ड्रम्स आणि ऑर्गनच्या आवाजात सुमारे १२ मिनिटांत नव्याने सादर केली. या बँडमागे स्वतः उएमात्सुच होते. गेमच्या संगीतावरचे असे प्रयोग आज यूट्यूबवर भरपूर सापडतात. यासाठी चाहते नेमका प्रोग रॉकच का निवडतात? मूळ रचनेत काय बदलावं लागतं? आणि असा बदल करायची परवानगी असते का?

प्रोग रॉक म्हणजे काय?

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे प्रोग रॉक, १९६०च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये आकाराला आला. किंग क्रिमसन, येस, जेनेसिस आणि इमर्सन, लेक अँड पामर (ईएलपी) ही त्यातली मोठी नावं. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट या मंडळींनी मोडली. ‘येस’च्या १९७२च्या ‘क्लोज टू द एज’ या अल्बममध्ये एकच रचना रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापते.

या संगीताच्या खुणा साधारण अशा: अनेक भागांत विभागलेल्या लांब रचना, ऑर्गन आणि सिंथेसायझरचा ठळक वापर, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची छाप आणि अवघड ताल. रॉक गाणी बहुतेक वेळा चार मात्रांत चालतात. प्रोग रॉकमध्ये पाच किंवा सात मात्रांची आवर्तनं सहज येतात. सात मात्रांचा रूपक ऐकलेल्या कानाला हे फार परकं वाटणार नाही.

दुसऱ्याची रचना घेऊन ती बँडसाठी नव्याने बांधणं ही या शैलीची जुनीच सवय आहे. रशियन संगीतकार मुसोर्गस्की यांनी १८७४ मध्ये पियानोसाठी लिहिलेली ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’ ही रचना ईएलपीने रॉकमध्ये आणली आणि १९७१ मध्ये तिचा लाइव्ह अल्बम काढला.

प्रोग रॉक गेममध्ये आधीपासूनच होता

उएमात्सु यांनी संगीताचं औपचारिक शिक्षण घेतलेलं नाही. ते रेकॉर्ड ऐकत स्वतःच शिकले आणि १९८६ मध्ये ‘स्क्वेअर’ या गेम कंपनीत दाखल झाले. ब्रिटिश प्रोग रॉकचा, विशेषतः ईएलपीचा, आपल्यावर प्रभाव असल्याचं त्यांनी मुलाखतींमध्ये सांगितलं आहे. ‘डान्सिंग मॅड’च्या शेवटच्या भागातला ऑर्गन ऐकला की हे लगेच पटतं. ‘फायनल फँटसी ८’मधली ‘डोन्ट बी अफ्रेड’ ही लढाईची धून तर चक्क पाच मात्रांत आहे.

मोतोई साकुराबा यांचा प्रवास आणखी थेट आहे. ते आधी ‘देजा व्हू’ या जपानी प्रोग रॉक बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचे. बँडचा अल्बम १९८८ मध्ये आला आणि त्यानंतर ते गेमच्या संगीताकडे वळले. ‘स्टार ओशन’, ‘वाल्किरी प्रोफाइल’ आणि ‘डार्क सोल्स’ या गेमचं संगीत त्यांचं. २००३ मध्ये टोकियोतल्या मैफलीत त्यांनी पहिल्या दोन गेमचं संगीत कीबोर्ड, बेस आणि ड्रम्स एवढ्याच वाद्यांवर सादर केलं.

म्हणजे बँड जेव्हा या रचना वाजवतो, तेव्हा तो त्यांच्यावर परकी शैली लादत नाही. यातल्या अनेक रचना रचतानाच प्रोग रॉकच्या होत्या. यंत्राला त्या पूर्ण ताकदीने वाजवता येत नव्हत्या, इतकंच.

यंत्राची मर्यादा काय होती?

१९८३ मध्ये आलेल्या ‘फॅमिकॉम’मध्ये ध्वनीचे पाचच चॅनल होते. सुरावटीसाठी दोन, बहुधा बेससाठी एक, ड्रमसारख्या खरखरीसाठी एक आणि छोट्या ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी एक. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून, ‘कॅसेट’ घालून जे गेम खेळले जायचे, त्यातले बरेच संच याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. ‘काँट्रा’ आणि ‘मारिओ’चं संगीत अनेकांच्या कानात बसलं ते या पाच चॅनलमधूनच.

सुपर फॅमिकॉममध्ये चॅनल आठ झाले, पण संगीत आणि गेममधले इतर आवाज दोघांनाही त्यातच भागवावं लागे. त्यामुळे अनेक गेममध्ये तलवारीचा खणखणाट झाला की तेवढ्यापुरतं एखादं वाद्य गायब होई.

बँडसाठी रचना कशी बदलतात?

पहिलं काम म्हणजे मूळ संगीत सुटं करणं. जुन्या गेममधला ध्वनीचा डेटा वेगळा काढून प्लेअरवर एकेक चॅनल बंद-चालू करता येतो. त्यामुळे बेस काय वाजवतोय, मधली सुरावट कुठे जातेय हे नेमकं कळतं.

दुसरं काम स्वर भरण्याचं. चॅनल कमी असल्याने जुने संगीतकार कॉर्डमधले स्वर एकामागोमाग एक, अतिशय वेगाने वाजवत. ऐकणाऱ्याला ते एकत्र वाजल्याचा भास होई. बँडकडे अख्खा ऑर्गन असतो. मग ते स्वर खरोखर एकत्र वाजवायचे, की तो वेगवान तुकडा कीबोर्डची खासियत म्हणून तसाच ठेवायचा, हे ठरवावं लागतं.

तिसरं आणि सगळ्यात कठीण काम म्हणजे शेवट. खेळाडूला लढाई जिंकायला दोन मिनिटं लागतील की वीस, हे संगीतकाराला माहीत नसतं. म्हणून गेमचं संगीत गोल फिरत राहतं. ‘डान्सिंग मॅड’चे चार भाग आहेत. शत्रूचा एक टप्पा पडला की पुढचा भाग सुरू होतो, तोवर आधीचाच भाग फिरत राहतो. बँडला मात्र सुरुवात, चढ, सोलो आणि समारोप असा सलग प्रवास बांधावा लागतो. लांब, अनेक भागांच्या रचना हा प्रोग रॉकचा पायाच असल्याने ही शैली इथे कामी येते.

‘द ब्लॅक मेजेस’च्या पहिल्या अल्बममध्ये लढाईच्याच दहा रचना होत्या. त्यांची नवी बांधणी कंपनीतलेच संगीतकार केनिचिरो फुकुई आणि त्सुयोशी सेकितो यांनी केली. पुढे उएमात्सु स्वतः कीबोर्ड घेऊन मंचावर आले. २००८च्या तिसऱ्या अल्बममध्ये ‘फायनल फँटसी ६’मधला ऑपेराही होता. २०१० मध्ये बँड विसर्जित झाला. दुसरीकडे, अमेरिकेतला ‘मिनिबॉसेस’ हा बँड फॅमिकॉमच्या काळातल्या ‘काँट्रा’, ‘मेगा मॅन’सारख्या गेमचं संगीत रॉकमध्ये वाजवतो.

परवानगीचं काय?

१९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘ओव्हरक्लॉक्ड रिमिक्स’ या संकेतस्थळावर चाहत्यांनी केलेल्या नव्या बांधणी मोफत ऐकता येतात. या मंडळींनी २०१२ मध्ये ‘फायनल फँटसी ६’च्या संगीतावरच्या अल्बमसाठी लोकांकडून पैसे उभारायला सुरुवात केली. ‘स्क्वेअर एनिक्स’ने हक्कांचा मुद्दा काढल्यावर मोहीम थांबवावी लागली. बोलणी झाली, मोहीम पुन्हा सुरू झाली आणि २०१३ मध्ये पाच सीडींचा ‘बॅलन्स अँड रुइन’ हा अल्बम आला.

तुम्हीही असं काही वाजवून अपलोड करणार असाल, तर एक फरक लक्षात ठेवा. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि मूळ रचनेचा वेगळा. प्रत्येक स्वर तुम्ही स्वतः वाजवला, तरी रचना तुमची होत नाही. भारतात कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सीनुसार (२०१२ची दुरुस्ती) पहिलं ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपल्यानंतर पाच वर्षांनी, पूर्वसूचना आणि रॉयल्टी देऊन कव्हर करता येतं. पण तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेले नवे बदल हक्कधारकाच्या संमतीशिवाय करता येत नाहीत. ताल बदलणं, नवे भाग जोडणं, सोलो घालणं हाच तर प्रोग रॉकच्या बांधणीचा गाभा. त्यामुळे या कलमावर विसंबून न राहता थेट परवानगी घेणं बरं. यूट्यूबवर व्हिडिओ राहिला म्हणजे परवानगी मिळाली, असं नाही. हक्कधारक तो काढायला लावू शकतो किंवा जाहिरातीचं उत्पन्न स्वतःकडे वळवू शकतो.

सुरुवात कुठून करावी?

आधी १९९४चं मूळ ‘डान्सिंग मॅड’ हेडफोनवर ऐका आणि मग ‘द ब्लॅक मेजेस’चं. मूळ रचनेत प्रत्येक भाग पुन्हा फिरून सुरू होतो, त्या जागा लक्षात ठेवा. बँडने नेमकं त्याच जागी काय केलंय, ते शोधायला मजा येते.