ड्रिट

नाक दाबू नका. दाबलंत तर हे गाव तुम्हाला कळायचंच नाही. साल साधारण ९५०. आज ज्याला यॉर्क म्हणतात, त्या इंग्लंडमधल्या यॉर्विकमध्ये तुम्ही उभे आहात. ८६६ साली व्हायकिंगांनी ते जिंकलं आणि आता त्यांची नातवंडं-पतवंडं इथे संसार करताहेत. गल्लीचं नाव कॉपरगेट, म्हणजे लाकडी पेले करणाऱ्यांची आळी. कातारी पायाने दोरी ओढून लाकूड फिरवतो आहे आणि कुरळ्या ढलप्या थेट तुमच्या पायांवर पडताहेत.

घरामागे कुडाने बांधून काढलेला खड्डा आहे. काठावर शेवाळाचा ढीग, पुसायला. तिकडे रांगत निघालेल्या पोराला आई खसकन मागे ओढते आणि ओरडते, ‘ड्रिट!’ तिच्या नॉर्स बोलीत याचा अर्थ एकच, विष्ठा. माती नाही, धूळ नाही. शेजारच्या अँग्लो-सॅक्सन बाईलाही ते लगेच कळतं, कारण तिच्याकडे शौचाला बसण्याला ‘ड्रीटन’च म्हणतात.

इथल्या चिंब जमिनीत हवा शिरत नाही, म्हणून फारसं काही कुजत नाही. १९७२ साली जवळच, एका बँकेच्या बांधकामाच्या जागी, कुणा व्हायकिंगाची सुमारे २० सेंटिमीटर लांबीची, दगडासारखी झालेली विष्ठा सापडेल, जंतांच्या अंड्यांसकट. पोटदुखीने बेजार झालेला तो अनाम माणूस मला इथल्या कुठल्याही राजापेक्षा जवळचा वाटतो.

आता पंधराव्या शतकात या. गाव तेच, बोलणं मात्र बदललंय. ‘ड्रिट’मधल्या ‘र’ने जागा बदलली आणि ‘डर्ट’ झालं. ‘ब्रिड’चं ‘बर्ड’ झालं तेही असंच. व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात. आपल्या गावांत नुकसानाचं नुस्कान होतं, मतलबचं मतबल होतं, ते हेच. अहो, ‘महारट्ठ’चं ‘मरहट्ठ’ झालं म्हणून तर आपण मराठे! नुस्कान म्हणणाऱ्याला हसणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

अर्थही पसरत गेला: विष्ठा, मग चिखल, मळ, आणि शेवटी नुसती माती. त्या मातीसाठी अटलांटिक ओलांडा. १८४८ साली कॅलिफोर्नियात सटरच्या गिरणीपाशी सोनं सापडलं. त्यानंतरच्या दशकातल्या एका नदीत तुम्ही गुडघाभर गार पाण्यात उभे आहात. सराफकट्ट्यावरची माती धुणाऱ्या झारेकऱ्यासारखी तुम्ही पसरट थाळी हेलकावता. गाळ वाहून जातो, जड कण तळाशी राहतात. कष्टाचं मोल निघेल इतकं सोनं ज्या मातीत असतं, तिला इथले लोक ‘पे डर्ट’ म्हणतात. पलीकडचा खाणकामगार तेच ओरडतो आणि दुपारपर्यंत त्या काठावर पाय ठेवायला जागा उरत नाही.