शाळेआधीचं वाचन

साक्षरतेचा इतिहास म्हणजे शाळांचा इतिहास, असं आपण धरूनच चालतो. स्वीडनमध्ये मात्र हा क्रम उलटा आहे. गावोगावी प्राथमिक शाळा काढण्याचा कायदा तिथे झाला १८४२ साली. त्याच्या साधारण शंभर वर्षं आधीच बऱ्याच भागांतली बहुसंख्य माणसं छापील मजकूर वाचत होती. शेतकरी, गडीमाणसं, आणि पुरुषांच्या बरोबरीने बायकाही.

हे घडलं घरात. १६८६च्या चर्च कायद्याने मुलांना आणि नोकरचाकरांना वाचायला शिकवण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखावर टाकली. कागदावर मास्तर बाप. प्रत्यक्षात अक्षरओळख बरेचदा आईच करून देई. पुस्तकं मोजकीच: अक्षरमाला, ल्यूथरची छोटी प्रश्नोत्तरी, स्तोत्रांचं पुस्तक. मग पाद्री यायचा. आसपासची घरं एका ठिकाणी जमायची आणि सगळ्यांदेखत परीक्षा व्हायची. प्रश्नोत्तरी येत नसेल तर प्रभुभोजनात प्रवेश नाही, आणि तो नाही तर लग्नही नाही! घरच्यांनी शिकवण्यात कुचराई का केली नसेल, हे यावरून कळतं.

या परीक्षांच्या नोंदवह्या टिकल्या आहेत. दिवसभर डेटाबेसमध्ये डोकं घालणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांतले रकाने फार आवडतात. पुस्तकातून वाचणं एका रकान्यात, पाठांतर दुसऱ्या, अर्थ समजणं तिसऱ्या. ही विभागणी साधी नाही. प्रश्नोत्तरी मुलाने रोज ऐकलेली असायची, त्यामुळे ओळीवर बोट फिरवत ते धडाधड म्हणून दाखवू शके. आपल्याकडेही चित्रांच्या पुस्तकाचं पान नेमक्या शब्दाला उलटणारं तीन वर्षांचं पोर ‘वाचतं’ म्हणून पाहुण्यांसमोर मिरवलं जातंच. पाठ असणं ही वाचनाची पहिली पायरी असते हे खरं, पण पाद्र्यांनी दोन्हींची गल्लत केली नाही.

लिहिणं मात्र कोणत्याच रकान्यात नव्हतं. वाचणारी घरं भरपूर आणि लिहिणारे थोडे, अशी स्थिती एकोणिसाव्या शतकातही बराच काळ राहिली. चर्चला आपला मजकूर लोकांपर्यंत पोचवायचा होता. त्यांचं म्हणणं कागदावर यावं, अशी गरज त्याला वाटली नाही. माझ्या मते या यशोगाथेतली सगळ्यात बोचणारी गोष्ट हीच.

१८४२नंतरही अनेक ठिकाणी शाळा फिरती होती. मास्तर गावात येईपर्यंत मूल घरीच अक्षरं शिकलेलं असेल, असं गृहीत धरलं जाई. अगदी लहानांसाठी वेगळी शाळा १८५८ साली आली.