शस्त्राचा हक्क आणि आमची राज्यघटना

शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे काय, हा वाद अमेरिकेत निघाला म्हणजे तेथील घटनेची १७९१ सालची दुसरी दुरुस्ती पुढे केली जाते. २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार अशा मतांनी का होईना, स्वसंरक्षणार्थ घरात बंदूक ठेवणे हा व्यक्तीचा हक्क होय असा निर्णय दिला. आमच्या देशात हाच प्रश्न केल्यास 'नाही' एवढेच उत्तर द्यावे लागते. परंतु ज्या हक्काची मागणी काँग्रेसने पारतंत्र्यात अनेक वर्षे केली, तोच स्वराज्य येताच घटनेतून का गळाला, हे पाहिल्यावाचून त्या उत्तराचा अर्थ नीट कळावयाचा नाही.

लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ साली दोन कायदे झाले. एकाने देशी भाषांतील वृत्तपत्रांचे तोंड बांधले, दुसऱ्याने प्रजेचे हात. पहिला लॉर्ड रिपन यांच्या काळी १८८२ साली रद्द झाला. दुसरा मात्र स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकला. परवान्यावाचून हत्यार बाळगणे त्याने गुन्हा ठरविले, आणि युरोपियनांस मात्र त्यातून सूट मिळाली. उभ्या पिकात रानडुकरांचा कळप शिरला असता शेतकऱ्याने अधिकाऱ्याची मर्जी पाहावयाची, आणि साहेबाने मात्र खुशाल शिकारीस निघावयाचे! १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. त्यात लोकांस होणाऱ्या जाचाबरोबरच, राजनिष्ठ प्रजेवर अकारण बसणाऱ्या कलंकाचीही तक्रार होती. आमच्या मते या दोन शब्दांत त्या साऱ्या चळवळीचे मर्म आले आहे.

पुढे १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकास असावा, असे स्पष्ट कलम घालण्यात आले. त्याचाच आधार घेऊन हरि विष्णु कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत तशी उपसूचना मांडली. तिला डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. वाटेल त्याने बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार विकत घ्यावे आणि सरकारने ते रोखू नये, अशा स्थितीत राज्यकारभार चालणे अशक्य, असे त्यांचे म्हणणे होते. आग्रह धरावयाचाच तर तो हक्काचा न धरता, प्रसंगी देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरावा, असेही त्यांनी सुचविले. फाळणीच्या कत्तली त्या वेळी ताज्या होत्या, आणि गांधीजींवर पिस्तूल झाडले गेल्यास दहाच महिने झाले होते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. उपसूचना फेटाळली गेली. आज मूलभूत हक्कांच्या प्रकरणात शस्त्राचा संबंध येतो तो दोनच ठिकाणी: नागरिकांनी शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमावे असे एकोणिसावे कलम सांगते, आणि शिखांचे कृपाण हे त्यांच्या धर्माचरणाचा भाग आहे, असे पंचविसावे.

मग कराचीचे वचन मोडले काय? आम्हांस तसे वाटत नाही. कलंक होता तो परक्या सत्तेने दाखविलेल्या अविश्वासाचा. प्रत्येक प्रौढाच्या हाती मत देणाऱ्या घटनेने तो पुसून टाकला. डॉ. आंबेडकरांनी सुचविलेले कर्तव्यही १९७६ च्या दुरुस्तीने, देशरक्षणाच्या मूलभूत कर्तव्याच्या रूपाने, घटनेत आले.

जाचाचे मात्र तसे म्हणता येत नाही. १९५९ च्या कायद्याने १८७८ चा कायदा संपविला, पण परवाना ठेवला. परवाना नाकारणाऱ्या अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवावीत आणि अर्जदारास अपील करता यावे, अशी तजवीज त्यात आहे. आणि एका व्यक्तीस किती बंदुका ठेवता येतील ती मर्यादा २०१९ साली तीनवरून दोनवर आली. ही बंधने आम्हांस योग्य वाटतात. परंतु हक्क नाही म्हणून न्यायही नाही, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. रानडुकरांनी पीक तुडविलेला शेतकरी आजही अर्ज घेऊन कचेरीत उभा राहतो. वजनदार माणसाच्या अर्जास लागते तीच कसोटी त्याच्या अर्जास लागली, तरच साहेबाची ती जुनी सूट खऱ्या अर्थाने संपली असे म्हणता येईल.