सीडीपॅरानोइया

सीडीपॅरानोइया : ध्वनिसीडीवरील संगीत संगणकात अचूक उतरवून घेण्यासाठी, म्हणजेच रिपिंगसाठी, वापरली जाणारी मुक्तस्रोत लायब्ररी आणि तिच्यावर आधारलेला आदेश-प्रोग्राम. ऑग व्हॉर्बिस या ध्वनिप्रारूपाचे जनक क्रिस्टोफर माँटगोमेरी यांनी ती लिहिली. त्यांनीच स्थापन केलेल्या झिफ.ऑर्ग संस्थेच्या प्रकल्पांत तिचा समावेश होतो.

पार्श्वभूमी : ध्वनिसीडीचे ‘रेड बुक’ हे मानक फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये निश्चित केले. त्यानुसार दोन्ही वाहिन्यांवर सेकंदाला ४४,१०० नमुने नोंदले जातात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. सेकंदाला ७५ सेक्टर वाचले जातात व एका सेक्टरमध्ये २,३५२ बाइट असतात. चार मिनिटांचे गाणे म्हणजे १८,००० सेक्टर, अर्थात सुमारे ४.२३ कोटी बाइट. डेटा सीडीच्या सेक्टरमध्ये सहसा २,०४८ बाइटच माहितीसाठी असतात. उरलेल्या जागेत सेक्टरचा पत्ता आणि चूक दुरुस्त करणारे जादा संकेत बसतात. ध्वनिसीडीत मात्र सगळे २,३५२ बाइट ध्वनीलाच दिलेले असतात आणि पत्ता वेगळ्या उपवाहिनीत असतो. त्यामुळे वाचन मध्येच थांबवून पुन्हा सुरू केले, की अनेक ड्राइव्ह त्याच नमुन्यावर परत येत नाहीत. काही नमुने गळतात, काही दोनदा येतात. या दोषाला जिटर म्हणतात.

चकतीवर चरा असला तर ड्राइव्ह रीड-सॉलोमन संकेतांच्या आधारे दुरुस्ती करतो. तेही जमले नाही, तर शेजारच्या नमुन्यांवरून अंदाजे किंमत भरतो. संगणकाला ते कळेलच असे नसते. म्हणून ध्वनिसीडी उतरवणे हे फाइल कॉपी करण्याइतके सरळ काम नाही. वाचलेले खरे आहे की नाही, हे ताडून पाहण्याची जबाबदारी सॉफ्टवेअरने घ्यावी लागते.

इतिहास : आरंभीच्या आवृत्त्या हायको आइसफेल्ट यांच्या सीडीडीएटूवेव्ह या प्रोग्रामला जोडलेल्या सुधारणांच्या स्वरूपात होत्या. तिसरी पिढी नव्याने, स्वतंत्रपणे लिहिली गेली. तिची १०.२ ही आवृत्ती सप्टेंबर २००८ मध्ये आली. मूळ लायब्ररी प्रामुख्याने लिनक्ससाठी आहे. रॉकी बर्नस्टाइन यांच्या लिबसीडीआयओ प्रकल्पातून निघालेली लिबसीडीआयओ-पॅरानोइया ही तिची शाखा इतर कार्यप्रणालींवरही चालते. दोन्हींचे परवाने वेगळे आहेत : मूळ लायब्ररी एलजीपीएलखाली, तर शाखा जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली. आपल्या प्रोग्रामचा स्रोत खुला ठेवायचा की नाही, याचा विचार करूनच निवड करावी.

कार्यपद्धती : लायब्ररी सीडीचा तोच भाग एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांत पुन्हा पुन्हा वाचते. दोन स्वतंत्र वाचनांत जुळलेली नमुन्यांची सलग रांगच ती विश्वसनीय मानते आणि अशा रांगा सांधून अखंड ध्वनी तयार करते. वाचने जुळली नाहीत, तर पुन्हा प्रयत्न होतो.

प्रोग्राममधील वापर : लायब्ररीचे दोन भाग आहेत. पहिला ड्राइव्ह ओळखतो, उघडतो आणि ट्रॅकचा पहिला व शेवटचा सेक्टर सांगतो. दुसरा पडताळणी करतो. प्रोग्रामने पडताळणीची पातळी ठरवावी, ट्रॅकच्या आरंभी जावे आणि ‘पॅरानोइया_रीड’ हे फंक्शन सेक्टरागणिक बोलवावे. ते दर वेळी एका सेक्टरच्या नमुन्यांचा पत्ता परत देते. ती स्मृती लायब्ररीच्या मालकीची असते. ती मोकळी करू नये आणि पुढच्या वाचनाआधी नमुने फाइलमध्ये लिहून घ्यावेत. सोबत दिलेल्या कॉलबॅकमधून प्रत्येक घडामोड कळते : वाचन, जुळणी, जिटर, ओरखडा, सोडून दिलेला भाग. त्यातील स्थान १६ बिटांच्या शब्दांत मोजलेले असते. सेक्टर काढण्यासाठी त्याला १,१७६ ने भागावे. आदेश-प्रोग्राम याच घडामोडी चेहऱ्यांच्या चिन्हांनी दाखवतो : सुरळीत असता :-) आणि ओरखडा सापडला की :-( असे चिन्ह दिसते. कॉलबॅक रिकामा ठेवला तरी ध्वनी मिळतो, पण तो कितपत खरा आहे हे कोणालाच कळत नाही. चांगल्या रिपरने ही नोंद जपून वापरणाऱ्यापुढे ठेवलीच पाहिजे.

मर्यादा : ड्राइव्हने दोन्ही वेळा तीच चूक केली, तर ती जुळणीत उघडी पडत नाही. ड्राइव्हने दुसऱ्या वाचनाला चकतीऐवजी स्वतःच्या कॅशमधून उत्तर दिले, तरी फसगत होते; म्हणून १०.२ मध्ये कॅशचे वर्तन तपासण्याची सोय आहे. ड्राइव्हचे प्रत्येक मॉडेल काही ठरावीक नमुने आधी किंवा नंतर वाचायला लागते; तो फरक वेगळा भरून काढावा लागतो. त्यानंतर अ‍ॅक्युरेटरिपसारख्या सेवेत इतरांच्या प्रतींशी चेकसम ताडून पाहता येतो.

जतन : उतरवलेला ध्वनी फ्लॅक प्रारूपात ठेवल्यास एकही बिट न गमावता जागा वाचते. सीडी-टेक्स्टमध्ये देवनागरीची सोय नाही; फ्लॅक आणि ऑगमधील टॅग मात्र यूटीएफ-८ मध्ये असतात, त्यामुळे नाट्यपद, भावगीत, गायक, संगीतकार अशा सर्व नोंदी मराठीत शुद्ध लिहिता येतात. ध्वनी, टॅग आणि वाचनाचा अहवाल एकत्र ठेवावेत. पुढे प्रतीच्या खरेपणाविषयी शंका आली, तर हा अहवालच आधार ठरतो.