रुक्मिणीचे पद आणि परीक्षेची खोली

वाशिमला आमच्या घरी सध्या पहाटे हार्मोनियम वाजते. धाकटी बहीण मध्यमेच्या परीक्षेला बसते आहे. राग, ताना, हातावर ताल देत ठेक्याची दुगुन, हे सारे आटोपले की ती ‘संगीत स्वयंवर’मधील रुक्मिणीचे यमनातले पद म्हणते. परीक्षकांनी शेवटी एखादे नाट्यपद ऐकवायला सांगितले तर ते तयार हवे, असा तिच्या बाईंचा आग्रह. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या दृश्यात एक विसंगती दिसते. आजचा धागा तिच्याविषयी.

प्रथम एक गैरसमज दूर करू. ‘गांधर्व महाविद्यालय’ या नावाचा बालगंधर्वांशी काही संबंध नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ते ५ मे १९०१ रोजी लाहोरला स्थापले. नारायणराव राजहंस किर्लोस्कर मंडळीत आले ते १९०५ साली. पलुस्करांना गाणे दरबारातून आणि बैठकीतून काढून वर्गात आणायचे होते. त्यासाठी ठरावीक अभ्यासक्रम, छापील पुस्तके, स्वरलिपी, परीक्षा आणि प्रमाणपत्र. बंदिशींतील शृंगारिक शब्द बदलून त्यांनी तेथे भक्तिपर शब्द घातले. १९३१ साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या ज्या पायऱ्या आज गावोगावची मुले चढतात, त्या याच मंडळाच्या.

नाटक मंडळीत यातले काहीच नव्हते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगले, तेव्हापासून गाणाऱ्या नटाची शाळा म्हणजे मंडळीचे बिऱ्हाड. मुलगा लहानपणी दाखल व्हायचा, तेथेच जेवायचा, तेथेच झोपायचा, आणि गवई एकेक पद त्याच्या गळ्यावर चढवायचा. १९१६ च्या ‘स्वयंवर’च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, बालगंधर्वांना त्यांची तालीम मिळाली ती अशीच, समोर बसून. गुणपत्रिका नव्हती. निकाल रात्री प्रेक्षक लावत, ‘वन्समोर’च्या आरोळीने. मला विचाराल तर ही परीक्षा अधिक निर्दय होती. तिला अभ्यासक्रमाची मर्यादा नव्हती.

मग या दोन घरांत ये-जा कशी झाली? त्याचे सर्वांत ठळक उत्तर म्हणजे विनायकराव पटवर्धन. पलुस्करांचे शिष्य, लाहोरला शिकलेले. १९२२ मध्ये ते बालगंधर्वांच्या मंडळीत दाखल झाले आणि सुमारे दहा वर्षे त्यांनी रंगभूमीवर गायक-नट म्हणून भूमिका केल्या. १९३२ साली त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि पुढे ‘राग-विज्ञान’चे भाग लिहिले. बहिणीच्या टेबलावर ते पुस्तक आहे. रात्री टाळ्या घेतलेल्या माणसाने उरलेले आयुष्य मुलांना आरोह-अवरोह शिकवण्यात घालवले, याची नोंद परीक्षार्थी क्वचितच घेतात.

तालमीच्या त्या जगाविषयी हळहळ वाटणे सोपे आहे. पण बालगंधर्वांच्या मंडळीत रुक्मिणी झाली ती लुगडे नेसलेला पुरुष. आमच्या बहिणीसारख्या मुलीला त्या बिऱ्हाडाचे दार बंद होते. परीक्षेने गाण्याचे तुकडे केले, हे खरे; तान मोजली गेली, भाव मोजता आला नाही, हेही खरे. तरी वाशिममधल्या एका मुलीच्या गळ्यात ते पद पोहोचले ते याच पायऱ्यांवरून.

आणि पद कोणाचे, तर विदर्भराजकन्येचे. रुक्मिणीचे कौंडिण्यपूर शेजारच्या अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी. आमचे वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत सट्टकाची नायिका ‘वच्छोम’ नगरीची, आणि वच्छोम म्हणजे वत्सगुल्मच, असे वा. वि. मिराशींचे मत. सट्टक हा नृत्यगीतांचा नाट्यप्रकार. म्हणजे गाणाऱ्या नाटकाची एक नायिका हजार वर्षांपूर्वीच या गावाने दिली होती. बहिणीला हे सांगितले. ती म्हणाली, “दादा, हे लेखीला येणार आहे का?”

सध्या अडचण वेगळीच आहे. पद आळवायला लागली की दहा मिनिटे सरतात, आणि परीक्षेच्या खोलीत तिला फार तर तीन मिळतील. कोणती जागा ठेवायची आणि कोणती गाळायची, यावर बाई आणि ती रोज भांडतात. काल अंतऱ्यातली एक लांब तान गेली. आज पहाटे ती परत आलेली ऐकू आली.