दिवा दिसलाच नाही : ‘लॉक आर्ड’ची शेवटची रात्र

२ मार्च १८७८, ग्रेव्हसेंड

थेम्सच्या मुखाजवळच्या ग्रेव्हसेंडहून ‘लॉक आर्ड’ मेलबर्नला निघालं. जहाजावर खलाशी आणि उतारू मिळून ५४ माणसं होती. ग्लासगोच्या ‘लॉक लाइन’ कंपनीचं हे जहाज १८७३ साली क्लाइड नदीवर बांधलेलं, लोखंडी बांध्याचं, तीन डोलकाठ्यांचं. लांबी २६२ फूट, वजन १,६९३ टन. इंजिन नव्हतं. सुएझचा कालवा सुरू होऊन नऊ वर्षं झाली होती आणि मुंबईच्या बंदरात विलायतेची आगबोट नेहमीची झाली होती. पण ऑस्ट्रेलियाच्या लांब वाटेवर कोळसा परवडत नसे. दक्षिण गोलार्धात चाळिशीच्या अक्षांशांवर पश्चिमेचा वारा बारा महिने वाहतो आणि तो फुकट मिळतो. त्यामुळे ही वाट अजून शिडांचीच होती.

माल मात्र नव्या, श्रीमंत शहराला शोभेल असा होता : पियानो, घड्याळं, अत्तरं, छत्र्या, गवती टोप्या, मेणबत्त्या. खाली रेल्वेचं लोखंड, सिमेंट, शिसं, तांबं. एका पेटीत मिंटन कारखान्याचा, माणसाच्या छातीएवढा उंच चिनीमातीचा मोर होता. १८८० च्या मेलबर्न प्रदर्शनात तो मांडायचा होता.

कप्तान जॉर्ज गिब एकोणतीस वर्षांचा होता. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं. जहाजाचा इतिहास फारसा शुभ नव्हता. पहिल्याच सफरीत डोलकाठ्या मोडल्यामुळे त्याला माघारी फिरावं लागलं, दुरुस्ती करून पुन्हा निघाल्यावर त्या परत मोडल्या आणि तात्पुरत्या काठ्यांवर ते कसंबसं मेलबर्नला पोचलं. खलाशी अशा गोष्टी विसरत नाहीत.

३१ मे, शुक्रवार, दुपार : सोळा-सतरा तास उरले

तीन महिने जमीन दिसलेली नाही. आता उद्या दिसणार.

इथून पुढचा रस्ता खलाशांच्या धास्तीचा. उत्तरेला व्हिक्टोरियाचं केप ऑटवे, दक्षिणेला किंग बेट, मध्ये साधारण नव्वद किलोमीटरची फट. नकाशावर ती ऐसपैस वाटते. पण अर्ध्या पृथ्वीचा फेरा मारून आलेल्या शिडाच्या जहाजाला ती इतकी अरुंद होती की दर्यावर्दी तिला सुईचं नेढंच म्हणत. थोडं दक्षिणेला सरकलं तर किंग बेटाचे खडक, जिथे १८४५ साली ‘काटारकी’ फुटलं आणि चारशेच्या आसपास माणसं गेली. थोडं उत्तरेला सरकलं तर व्हिक्टोरियाचे उभे कडे. नेढ्याची उत्तरेची कड दाखवणारी खूण होती : १८४८ पासून केप ऑटवेवर जळणारा दिवा.

आपण नेमके कुठे आहोत हे ठरवायला गिबकडे तीन साधनं होती. सूर्याची उंची मोजायला सेक्स्टंट, पण त्यासाठी सूर्य आणि क्षितिज दोन्ही स्वच्छ दिसायला हवेत आणि हवा धूसर होती. रेखांश काढायला क्रोनोमीटर, म्हणजे ग्रीनिचची वेळ सांभाळणारं घड्याळ. ते एका मिनिटाने चुकलं तर या अक्षांशावर जहाजाची जागा बावीस किलोमीटरने चुकते. तिसरं होकायंत्र, आणि लोखंडी जहाजात होकायंत्र स्वतः त्या लोखंडाच्या ओढीत असतं. उरला तो अंदाज : कालची जागा, रात्रभरचा वेग, धरलेली दिशा. त्यावर नकाशात एक टिंब काढायचं आणि त्या टिंबावर ५४ जीव ठेवायचे.

संध्याकाळ : दहा तास

प्रवास संपल्याच्या आनंदात जहाजावर जलसा झाला. उतारूंत आयर्लंडचे डॉक्टर कारमायकेल होते, बरोबर बायको आणि मुलं. कुटुंब नव्या देशात घर करायला निघालेलं. मुलींतली एक एव्हा, अठरा-एकोणीस वर्षांची. उद्या बंदर, म्हणून लोकांनी सामानाची बांधाबांध करून ठेवली.

मध्यरात्र : पाच तास

कप्तान डेकवर. शिडं कमी केलेली. वर डोलकाठीवर माणूस चढवलेला. उतारूंपैकी काहींना झोप नव्हती, पहाटे जमीन दिसेल म्हणून ते जागे होते.

१ जून, पहाटे ३ : दोन तासही नाहीत

गिबच्या हिशोबाने केप ऑटवेचा दिवा आता दिसायला हवा होता. समोर फक्त धुकं होतं.

इथे थांबून विचार करायला हवा, कारण माझ्या मते जहाज बुडालं ते पाच वाजता नव्हे, याच तासात. दिवा कशासाठी? खडकापासून दूर राहण्यासाठी. पण तो दिसायचा तर खडकाच्या जवळच यावं लागतं. दिसला की जागा पक्की होते, मग त्याच्या दक्षिणेकडून सामुद्रधुनीत शिरायचं. नाही दिसला तर दोन अर्थ निघतात : आपण अजून लांब आहोत, किंवा आपण चुकीच्या जागी आहोत. पहिल्या अर्थाने वागायचं तर पुढे जायचं, दुसऱ्याने वागायचं तर समुद्राकडे तोंड फिरवून उजाडायची वाट पाहायची. जून हा तिथला हिवाळा. उजाडायला चार तासांहून जास्त वेळ होता.

गिब पुढे गेला. दिवा पूर्वेला, साधारण ४५ किलोमीटरवर होता. जहाज त्याच्या अंदाजापेक्षा किनाऱ्याच्या फार जवळ होतं. तिथे एकही दिवा नव्हता, होते ते फक्त चुनखडीचे कडे. त्याने थांबायला हवं होतं, असंच मी म्हणेन. त्याचबरोबर हेही म्हणेन की तीन महिन्यांनंतर, बंदर एका दिवसावर असताना, दिवा आता दिसेल, मग दिसेल म्हणत पुढे जाणाऱ्या एकोणतीस वर्षांच्या माणसाला निष्काळजी म्हणणं मला जमत नाही. तो रात्रभर डेकवर उभा होता.

पहाटे ४ : एक तास

धुकं वर उचललं गेलं. डोलकाठीवरच्या माणसाने ओरडून सांगितलं : पुढे लाटा फुटताहेत. अंधारातून कडे दिसले.

आगबोट असती तर इंजिन उलटं फिरवलं असतं. शिडाच्या जहाजाला तसं मागे जाता येत नाही. वारा ज्या दिशेने येतो तिकडे थेट जाताही येत नाही, फार तर तिरपं चढता येतं. त्या पहाटे वारा समुद्राकडून जमिनीकडे होता. सुटकेचा मार्ग एकच : नाळ वाऱ्यातून आरपार फिरवायची, शिडं दुसऱ्या अंगाने भरून घ्यायची आणि कड्यांपासून तिरपं बाहेर निसटायचं. हे फिरणं वेगाच्या जोरावर होतं. वेगाला शिडं हवीत, आणि धुक्यात शहाणपणाने कमी केलेली शिडं आता दोरांवरून, अंधारात, जमेल तितक्या घाईने चढवायची होती. आडवी परबाणं माणसांच्या बळावर ओढून फिरवायची होती.

जमतील तितकी शिडं चढली. नाळ वाऱ्याकडे वळली. आणि नेमकी वाऱ्याच्या तोंडाशी येऊन अडली. वेग संपला, शिडं लुळी पडली, नाळ पुन्हा किनाऱ्याकडे ढळली.

गिबने दोन्ही नांगर सोडले. पन्नास वाव साखळी खाली गेली, म्हणजे नव्वद मीटर. नांगर धरेनात. जहाज तळावरून त्यांना ओढत मागे मागे जात राहिलं. मागे मटनबर्ड बेटाचा कडा उभा होता. किनारा अर्ध्या मैलावर आला तेव्हा नांगरांच्या ओढीने नाळ एकदम फिरली आणि जहाजाचं तोंड समुद्राकडे झालं. हा क्षण गिबने वाया घालवला नाही. साखळ्या सोडून दिल्या, शिडं भरली, जहाज पुढे सरकलं. काही मिनिटं ते सुटणार असं वाटलं असेल. चार वाजल्यानंतर या माणसाने जे जे केलं ते कोणत्याही जुन्या नाखव्याने केलं असतं, त्याच क्रमाने. जागा पुरली नाही, इतकंच.

पाचच्या सुमारास

मटनबर्ड बेटाच्या पायथ्याच्या खडकावर ‘लॉक आर्ड’ आदळलं. परबाणं कड्यावर आपटू लागली, डोलकाठ्या आणि दोरखंड डेकवर कोसळले, त्यांच्याबरोबर माणसं पाण्यात फेकली गेली. वरचा डेक खालच्या सांगाड्यापासून सुटू लागला. कोसळणाऱ्या काठ्यांपासून जपण्यासाठी काहीजण खाली गेले आणि तिथेच बुडाले.

टॉम पिअर्स हा अठरा वर्षांचा शिकाऊ खलाशी जीवनौका सोडवण्याच्या खटपटीत होता. ती पाण्यात पडताच जहाजाच्या कुशीवर आपटून उलटी झाली. टॉम तिच्याखाली अडकला आणि तिच्याच आधाराने तगला.

एव्हा धावत वर आली. गिबने तिला गाठून निरोप दिला : तू वाचलीस तर माझ्या बायकोला सांग, मी खलाशासारखा मेलो. पुढच्या लाटेने एव्हाला समुद्रात नेलं. कप्तान पुन्हा कोणाला दिसला नाही.

खडकावर आदळल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत जहाज खोल पाण्यात घसरून नाहीसं झालं.

सकाळ

उलट्या नौकेखालचा टॉम आधी समुद्राकडे वाहत गेला, मग भरतीबरोबर परत आला आणि दोन उंच कड्यांमधल्या एका घळीत शिरला. आत छोटीशी पुळण होती. जखमी, सुन्न अवस्थेत तो पोहत तिथे पोचला. एव्हा आधी कोंबड्यांच्या खुराड्याला आणि मग एका तुटक्या काठीला धरून सुमारे पाच तास पाण्यात होती, आणि तिला पोहता येत नव्हतं. तीही त्याच घळीच्या तोंडाशी आली. पुळणीवर माणूस दिसल्यावर तिने हाक मारली. टॉम, ज्याच्या अंगात काही उरलेलं नव्हतं, परत त्या पाण्यात उतरला. तिला घेऊन काठावर यायला त्याला तासभर लागला. तिला गुहेत ठेवलं, वाहून आलेल्या पेटीतली ब्रँडीची बाटली फोडून तिला पाजली आणि दोघं तिथेच पडली.

आईवडील, बरोबरची भावंडं, सगळी एकाच पहाटे गेली, हे एव्हाला तेव्हा कळलं असेल की नाही कोण जाणे.

दुपार ते रात्र

शुद्धीवर आल्यावर टॉम कडा चढून वर गेला. घोड्याच्या टापांचे माग दिसले. त्या मागावर जाताना ग्लेनॅम्पल नावाच्या गुराख्यांच्या वाडीवरची दोन माणसं भेटली. त्यांना सांगून तो एव्हासाठी घळीत परत गेला. मदत पोचली तेव्हा अंधार पडला होता. एव्हा गुहेत नव्हती. शुद्ध आल्यावर घाबरून ती झुडपांत जाऊन लपली होती. शोधून काढून दोघांना वाडीवर नेलं. मालक ह्यू गिब्सन आणि त्यांच्या पत्नीने त्यांची सेवा केली.

५४ पैकी दोघं वाचली. हाती लागलेली चार प्रेतं कड्यावर पुरली. मेलबर्नहून ग्रेट ओशन रोडने जाणारे आपले पुष्कळ मराठी पर्यटक ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ पाहून पुढे ‘लॉक आर्ड गॉर्ज’ला थांबतात. पुळणीवर फोटो काढून होतो, पण वरच्या त्या दफनभूमीत थोडेच जातात. जायला हवं. एव्हाची आई आणि बहीण तिथे आहेत.

वर्तमानपत्रांनी टॉमला वीर केलं. व्हिक्टोरियाच्या ह्यूमेन सोसायटीचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. या दोघांनी लग्न करावं म्हणून लोकांनी उगाच हट्ट धरला. एव्हा काही आठवड्यांनी आयर्लंडला परतली, या खेपेला आगबोटीने. दहा दिवसांनी फुटक्या जहाजातून माल काढण्याच्या हक्काचा लिलाव झाला, २,१२० पौंडांना. चिनीमातीचा मोर आपल्या पेटीत जवळजवळ धडका किनाऱ्याला लागला होता. आज तो वॉर्नंबूलच्या संग्रहालयात आहे.

पुढे

टॉमने समुद्र सोडला नाही. तो रॉयल मेल कंपनीत कप्तान झाला आणि १९०८ साली, पन्नाशीच्या आत वारला.

‘लॉक लाइन’चंच ‘लॉक स्लॉय’ २४ एप्रिल १८९९ च्या पहाटे ॲडलेडला जाताना कांगारू बेटाजवळ केप बोर्डाचा दिवा शोधत होतं. दिवा कड्यांआड राहिला, दिसला नाही. ३४ पैकी तिघं वाचले. सप्टेंबर १९०५ मध्ये ‘लॉक व्हेनाकर’ त्याच बेटाच्या आसपास २७ माणसांसह नाहीसं झालं आणि १९७० च्या दशकात त्याचे अवशेष बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडले. त्या २७ जणांत टॉम पिअर्सचा मुलगा होता, बापासारखाच शिकाऊ खलाशी. या दोन जहाजांनंतर कांगारू बेटाच्या त्या अंधाऱ्या टोकावर, केप डू कुएडिकला, दीपगृह बांधायचं ठरलं. तो दिवा १९०९ साली पेटला : ‘स्लॉय’नंतर दहा वर्षांनी, ‘व्हेनाकर’नंतर चार वर्षांनी.