बावीस खेचरं आणि एक भाषण

राहुल सांकृत्यायन हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते कॉलेजच्या ग्रंथालयात. बी.ए.ला होतो. पुस्तकाची बांधणी उसवलेली, पहिली काही पानं गळालेली आणि पाठीवर नाव ‘व्होल्गा ते गंगा’. परीक्षा तोंडावर असताना मी ते दोन रात्रींत संपवलं. इतिहास असाही सांगता येतो, हे तेव्हा नव्यानं कळलं. इसवी सनापूर्वी सहा हजार वर्षांपासून थेट १९४२ पर्यंत वीस गोष्टी. त्यांतल्या दोन गोष्टींपाशी मी रेंगाळलो. एक बाबा नूरदीनची, दुसरी सुरैयाची. अबुल फजलची मुलगी सुरैया आणि तोडरमलचा मुलगा कमल यांचं लग्न राहुलजी लावून देतात, आणि खुद्द अकबर त्यांच्या पाठीशी उभा राहतो. इतिहासात असं काही घडलेलं नाही. घडायला हवं होतं, असं लेखकाला वाटत होतं, एवढंच. विशीतल्या मला तेवढं पुरलं. हा माणूस आपला, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

पुढे काही वर्षांनी त्यांनी मुंबईत केलेल्या एका भाषणाविषयी वाचलं आणि तो निर्णय मला पुन्हा तपासावा लागला. आज बोलायचं आहे ते त्याविषयी. पण आधी माणूस कोण होता, ते सांगायला हवं.

९ एप्रिल १८९३ रोजी आजमगढ जिल्ह्यातल्या पंदहा या गावी, आजोळी, त्यांचा जन्म झाला. नाव केदारनाथ पांडे. आजोबा रामशरण पाठक पलटणीत शिपाई होते. दूरदूरचा मुलूख पाहून आलेले. त्यांच्या गोष्टी ऐकत हा नातू वाढला. शाळा मात्र उर्दू. कर्मठ ब्राह्मणाच्या घरातला मुलगा आणि पाटीवर अलिफ, बे, पे. त्या काळात त्या भागात यात कुणाला नवल वाटत नसे. उर्दूच्या तिसरीच्या पुस्तकात एक शेर होता, जगाची सफर करायला सांगणारा. त्या शेरानं आपल्याला घरातून बाहेर काढलं, असं राहुलजी पुढे आयुष्यभर सांगत राहिले. हिंदीचा एवढा मोठा लेखक, पण त्याला वाटेला लावलं ते उर्दूनं. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

अकराव्या वर्षी लग्न लावून दिलं. ते त्यांनी कधी मानलं नाही. घर सोडलं, परत आले, पुन्हा सोडलं. बिहारमधल्या परसा मठात वैष्णव साधू झाले, नाव झालं रामउदार दास. तिथून आर्य समाजात गेले. आग्र्याच्या मुसाफिर विद्यालयात अरबी शिकले, अर्थात वादविवादात मुसलमानांना आणि ख्रिस्त्यांना हरवण्यासाठी. मग असहकाराची चळवळ, बक्सर आणि हजारीबागचा तुरुंग. १९२७ मध्ये श्रीलंकेत संस्कृत शिकवायला गेले आणि पाली शिकून, त्रिपिटक वाचून आले. १९३० मध्ये तिथेच भिक्षू झाले आणि राहुल सांकृत्यायन हे नाव घेतलं. राहुल म्हणजे बुद्धाचा मुलगा, आणि सांकृत्य हे त्यांचं गोत्र. जुनं सगळं टाकून दिलं तरी गोत्र तेवढं नव्या नावात राहिलं, याचं मला नेहमी हसू येतं.

त्यांचं खरं मोठं काम तिबेटमधलं आहे. नालंदा, विक्रमशिला ही विद्यापीठं उद्ध्वस्त झाली, बौद्ध ग्रंथांच्या मूळ संस्कृत पोथ्या आपल्या देशातून नाहीशा झाल्या. राहिली ती तिबेटी भाषांतरं. पण मूळ पोथ्याही तिथल्या मठांत कुठेतरी पडून असतील, असा राहुलजींचा कयास. १९२९ मध्ये ते निघाले. नेपाळमध्ये भारतीयांना एरवी सहज प्रवेश नसे, शिवरात्रीच्या यात्रेला तेवढा मिळे. त्या गर्दीतून आत शिरले, वेश पालटला आणि लपतछपत, पायी डोंगर ओलांडून ल्हासाला पोचले. परतताना बरोबर बावीस खेचरांवर लादलेले ग्रंथ आणि चित्रपट होते. त्यांतलं मोलाचं सगळं त्यांनी पाटण्याच्या वस्तुसंग्रहालयाला देऊन टाकलं. विकलं असतं तर जन्माची ददात मिटली असती.

पुढे १९३४, १९३६ आणि १९३८ अशा आणखी तीन वाऱ्या केल्या. मठांच्या अंधाऱ्या कोठारांतून धूळ झटकत ताडपत्रं शोधायची, मठाधिपतींची मनधरणी करायची, थंडीनं बोटं आखडलेली असताना नकलून घ्यायचं. धर्मकीर्तीचं ‘प्रमाणवार्तिक’ मूळ संस्कृतात पुन्हा हाती आलं ते या खटपटीतून. भारतीय तर्कशास्त्राचा केवढा तरी तुकडा, जो आपण हरवून बसलो होतो, तो परक्यांनी जपला आणि या माणसानं पाठीवर वाहून परत आणला.

दरम्यान युरोप झाला, जपान झाला, इराण आणि रशिया झाला. बौद्ध भिक्षूचा कम्युनिस्ट झाला. १९३९ मध्ये बिहारमधल्या अमवारी गावी शेतकऱ्यांच्या सत्याग्रहात जमीनदाराच्या माणसानं त्यांचं डोकं फोडलं. पुढची जेलयात्रा देवळी आणि हजारीबागची. ‘वोल्गा से गंगा’ १९४२ मध्ये हजारीबागच्या तुरुंगात लिहिलेलं आहे, समोर ग्रंथालय नसताना. १९४५ ते १९४७ लेनिनग्राडला प्राध्यापक. तिथे पत्नी लोला आणि मुलगा ईगोर होते. त्यांना तिथेच ठेवून ते एकटे परतले. इकडे कनैला गावी लहानपणची बायको आयुष्यभर वाट पाहत राहिली होती. भटकंतीचं शास्त्र लिहिणाऱ्या या थोर माणसाच्या भटकंतीची किंमत बायकांनी मोजली, हे म्हटल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

ऑगस्ट १९४७ मध्ये ते मायदेशी आले, आणि डिसेंबरमध्ये मुंबईला हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. काळ कसला होता, ते सांगायला नको. पंजाब जळून गेलेला, दिल्लीत निर्वासितांच्या छावण्या. गांधीजींना जायला दोन महिनेही उरले नव्हते. त्या वातावरणात राहुलजींनी अध्यक्षीय भाषण लिहिलं. संघराज्याची भाषा हिंदी आणि लिपी नागरीच असावी, उर्दूला आणि तिच्या लिपीला तिच्या बरोबरीचं स्थान नको. इथल्या मुसलमानांनी भाषेनं आणि संस्कृतीनं भारतीय व्हावं, इस्लामचं भारतीयीकरण व्हावं, असा त्याचा मथितार्थ. कम्युनिस्ट पक्षाला हे मान्य होण्यासारखं नव्हतं. हा भाग गाळा, असं पक्षानं सांगितलं. राहुलजींनी नकार दिला आणि त्यांना पक्षाबाहेर व्हावं लागलं. पुन्हा पक्षात यायला १९५५ साल उजाडलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या कविता मराठीत छापून येऊ लागल्या होत्या. सोलापूरला १९९० मध्ये पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं होतं, त्याची चर्चा आमच्या कानांवर होती. राहुलजींनी घातलेली अट माझ्याकडून तर न मागताच पुरी झाली होती. लिपी नागरी, भाषा मराठी, कविता पावसाच्या आणि विठ्ठलाच्यासुद्धा. तरी काव्यवाचन संपलं की कुणीतरी जवळ येऊन म्हणायचंच, ‘तुम्ही मराठी किती छान बोलता हो!’ आणि मोहल्ल्यात गेलो की विचारणा व्हायची, उर्दूत का लिहीत नाहीस? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. त्यांना कुणी भारतीय व्हा म्हणून सांगितलं नव्हतं. ते ज्या भाषेत जगत होते, त्या भाषेत लिहीत होते. भाषा अशीच येते. ती हमीपत्रासारखी लिहून घ्यायची गोष्ट नाही. राहुलजींवर माझा राग होता तो एवढ्यासाठी. फाळणीचा हिशेब त्यांनी एका लिपीकडून मागितला, आणि ती लिपी तर त्यांची पहिली लिपी होती.

मग असं का झालं? माझा एक तर्क आहे. तर्कच म्हणा. लेनिनग्राडच्या मुक्कामात ते मध्य आशियाच्या इतिहासाची सामग्री गोळा करीत होते. तिकडे उझबेक, ताजिक या भाषांची अरबी लिपी सोव्हिएत राजवटीनं १९२०च्या दशकाच्या अखेरीस बदलून लॅटिन केली, आणि १९४०च्या सुमारास लॅटिनची रशियन. शासनानं ठरवलं आणि लिपी पालटली, असं चित्र मनात घेऊन हा माणूस मुंबईत उतरला असणार. लोकांच्या मनात लिपीची मुळं किती खोल जातात, हे त्या चित्रात दिसत नाही. उझबेकांनी १९९३ मध्ये पुन्हा लॅटिनकडे जायचं ठरवलं, ते पाहायला राहुलजी असायला हवे होते.

पण इतिहासकाराची गंमत अशी, की त्याचं मत काहीही असो, कागदपत्रं त्याला त्यांच्या वाटेनं ओढून नेतात. ‘मध्य एशिया का इतिहास’ या दोन खंडांच्या ग्रंथाला १९५८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाच भूमीवर बौद्ध आणि मग मुसलमान झालेल्या लोकांची ती कहाणी. १९५७ मध्ये त्यांनी अकबराचं चरित्र लिहिलं. अशोक आणि गांधी यांच्या मधल्या एवढ्या मोठ्या काळात त्यांच्या तोडीचा एकच पुरुष या देशात झाला, तो अकबर, असं त्यांचं ठाम मत. हा मुंबईच्या भाषणाचा लेखक आहे, हे विसरू नका. आणि १९५९ मध्ये पाटण्याहून त्यांचा ‘दक्खिनी हिन्दी काव्यधारा’ हा संग्रह निघाला. गोवळकोंडा-विजापूरकडच्या कवींची कविता त्यांनी नागरीत आणून हिंदी वाचकांपुढे ठेवली. तिला नाव ‘दक्खिनी हिंदी’ दिलं, यावर उर्दूवाले रुसतात. रुसू देत, त्यांचं अगदीच चूक नाही. पण ही कविता आपल्या वारशातली आहे, असं हिंदी जगाला सांगायला ते पुढे आले. १९४७ चं भाषण त्यांनी मागे घेतल्याचं माझ्या वाचनात नाही. त्यांनी पुढचं काम केलं.

बुद्धानं सांगितलेली तराफ्याची उपमा त्यांनी ‘मेरी जीवन यात्रा’च्या आरंभी घेतली आहे. नदी उतरून झाल्यावर तराफा डोक्यावर घेऊन चालायचं नसतं. वैष्णव मठ, आर्य समाज, भिक्षूची चीवरं, एकेक तराफा ते काठावर सोडत गेले. मुंबईचं भाषण हाही असाच एक तराफा होता का, हे मी वर्षानुवर्षं स्वतःला विचारत आलो आहे.

डिसेंबर १९६१ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि स्मृती गेली. इतक्या भाषा जाणणाऱ्या माणसाची स्मृती! उपचारांसाठी मॉस्कोला नेलं, उपयोग झाला नाही. १९६३ मध्ये पद्मभूषण जाहीर झालं आणि त्याच वर्षी १४ एप्रिलला दार्जिलिंगला ते वारले.

तो दक्खिनी कवितांचा संग्रह मला फार उशिरा, जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाला. अम्मा तेव्हा होती. तिला वाचता येत नव्हतं. आमच्या घरात जी बोली चालते तिला बाहेरच्यांनी कधी उर्दू म्हटलं, कधी बिघडलेली हिंदी. एका दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती आणि मी तिला चार-दोन कविता मोठ्यानं वाचून दाखवल्या. काही शब्द अडले, पुष्कळसे तिला कळले. सुपातला हात थांबवून ती म्हणाली, “ये तो अपनीच बोली है की रे! कौन लिख्या?” कवींची नावं मी सांगितली. मग पुस्तक कुणी केलं, तेही तिनं विचारलं. आजमगढचे एक पंडित होते, मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि ‘और पढ’ म्हणून पुन्हा तांदळाकडे वळली.